हाकेला ओ देणारा नळ

चौकात त्या बुधवारी सकाळी एक नळ होता, दोनशे बारा माणसं होती आणि एकशे सदतीस भांडी होती. भांड्यांत त्र्याण्णव बादल्या, सव्वीस कॅन, अकरा पातेली, सहा ड्रम आणि बाळाला अंघोळ घालायचा एक टब. माणसांच्या आकड्याची फारशी खात्री नव्हती, कारण मुलं एका जागी ठरत नव्हती. भांडी मात्र गुण्यागोविंदानं रांगेत बसली होती.

मोजणारी मुलगी जलपुरवठा कार्यालयात तीन महिन्यांपूर्वी लागली होती. विज्ञानाची पदवी, पाठीला पिशवी, पिशवीत वही, टेप आणि कार्यालयाचा फोन. जिथं जाईल तिथं आधी मोजायची, मग बोलायची. त्यामुळे टेकडीवरच्या त्या वस्तीत तिला सगळे 'मोजणी' म्हणत. ती वस्तीतल्याच एका खानावळवालीची भाची, त्यामुळे नाव ठेवण्याचा हक्क सगळ्यांनी आपला आपण घेतला होता.

नळ म्हणजे सिमेंटच्या गुडघाभर ठोकळ्यातून वर आलेला एक पाइप आणि त्याला एक पितळी तोटी. सगळ्या नव्या योजनेतला बसवलेला हा एवढाच नळ. वस्तीच्या सात गल्ल्यांत घरोघरी पाइप नेऊन ठेवले होते, पण त्यांच्या तोंडाला बुचं होती. वर टेकडीच्या माथ्यावर टाकी बांधून तयार होती आणि ठणठणीत कोरडी होती. शहरातल्या मोठ्या जलवाहिनीपासून टाकीपर्यंतचा शेवटचा चारशे मीटर पाइप अजून टाकायचाच होता, तोही खडकातून. म्हणजे तोटीत पाणी यायला काही मार्गच नव्हता.

आणि तरीही गेले चार दिवस ते येत होतं.

"लोकहो!" ठोकळ्यावर उभं राहून, जमिनीतलं पाणी शोधणारे पाणाडे बुवा म्हणाले. डाव्या हातात बेचक्याची काडी, अंगावर पांढरा स्वच्छ झगा, आवाज मात्र फेरीवाल्याचा. "तुम्ही नळ उघडता. मी पाणी उघडतो! फरक कळला?"

"कळला!" दोनशे बारांतले बहुतेक सगळे ओरडले.

"पाणी कुठून येतं?"

"टाकीतून," पुढच्या रांगेतला शिंपी म्हणाला.

"चूक! टाकी माणसानं बांधली. पाणी येतं ओढीनं. पृथ्वीच्या पोटात भूचुंबकीय जललहरी असतात, सव्वाशे कंपनांच्या. माझी काडीही सव्वाशे कंपनांची. लहर लहरीला भेटली की पाण्याला उमाळा येतो!"

"सव्वाशे कंपनं सेकंदाला की मिनिटाला?" मोजणीच्या तोंडून निघून गेलं.

बुवांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "श्रद्धेला!" ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग नेहमीचा प्रयोग सुरू झाला. बुवांच्या शेजारी योजनेचा ठेकेदार उभा होता, नवऱ्यामुलाच्या काकासारखा लगबगीनं. त्यानं पुढे होऊन तोटी पूर्ण उघडली. तोटी 'गुळुक' म्हणाली, अर्धा पेला पाणी ओकली आणि गप्प बसली.

"पाहिलंत? ही सरकारची तोटी. उघडी आहे, पण आत राम नाही," बुवा म्हणाले. "आता हाक मारा. पाण्याला त्याच्या नावानं हाक मारा. पण एका आवाजात! वर आभाळापर्यंत गेली पाहिजे!"

"पाण्या, ये! पाण्या, ये! पाण्या, ये!"

मोजणीनं घड्याळाकडे पाहिलं. एक, दोन... नऊ सेकंदांनी तोटीतून धार लागली, चांगली करंगळीएवढी. बुवांची काडी थरथरत खाली वाकली. बायकांनी हात जोडले. त्या दिवशी पाचव्या गल्लीचा नंबर होता. वीस घरं, घरटी एक बादली. विसावी बादली भरली तशी बुवांनी काडी उंचावली.

"पाण्या, थांब!"

सगळी वस्ती ओरडली. पाणी मात्र लगेच थांबलं नाही. अकरा सेकंद वाहत राहिलं. तेवढ्या वेळात बुवांनी घसा खाकरून घेतला, झग्याची बाही सारखी केली, आभाळाकडे एकदा जरा रागानंच पाहिलं. मग तोटी पुन्हा 'गुळुक' म्हणाली आणि धार तुटली. तोटी उघडीच होती. बुवांनी तिला हातही लावला नव्हता.

ठेकेदारानं पाचव्या गल्लीपुढे एक कागद धरला. 'आमच्या गल्लीला नळाचे पाणी मिळाले, आमची काही तक्रार नाही.' भरलेली बादली एका हातात, पेन दुसऱ्या हातात. लोकांनी खुशीत सह्या केल्या.

"मोजणीताई," ठेकेदार गोड आवाजात म्हणाला, "फोटो राहिला की तुमचा! पाणी चालू असतानाच काढायचा होता."

"शुक्रवारपर्यंत मुदत आहे," मोजणी म्हणाली आणि वहीत लिहिलं: ये, ९. थांब, ११. गुळुक, दोनदा.

*

मुदतीचं प्रकरण असं होतं. राज्यभरातल्या पाणीयोजना वरचं कार्यालय एका नकाशावर बघत असे. काम सुरू असलेल्या योजनेला पिवळा ठिपका, पाणी सुरू झालेल्या योजनेला हिरवा. खालच्या कार्यालयानं दर महिन्याला 'सद्यस्थिती' या रकान्यात एक शब्द भरायचा. मोजणीच्या आधीच्या कारकुनानं, बिचाऱ्या सरळ माणसानं, जाता जाता शेवटची नोंद केली होती: 'चालू'.

त्याला म्हणायचं होतं, काम चालू आहे. वरच्यांनी वाचलं, योजना चालू आहे. ठिपका हिरवा झाला.

आणि हिरव्या ठिपक्याला कोणी पाइप देत नाही.

मोजणीनं फोन केला, तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला होता, "मॅडम, पिवळ्याचा हिरवा करायचं बटण आहे. हिरव्याचा पिवळा करायचं बटण नाही."

"पण 'चालू' म्हणजे—"

"चालू म्हणजे चालू! आता एक तर वाहत्या नळाचा फोटो टाका, फाइल बंद होईल. नाहीतर जागेवरची मोजमापं घेऊन लेखी हरकत नोंदवा. शुक्रवार, संध्याकाळी पाच."

म्हणजे फोटो गेला, की उरलेले चारशे मीटर कायमचे रद्द. ठेकेदाराला खडक फोडायला नको, वरच्यांना हिरवा ठिपका, सगळे सुखी. मोजणीच्या साहेबांनाही घाई होती. "फोटो काढा, टाका, मोकळ्या व्हा," ते म्हणाले. "पाणी येतंय ना? मग कुठून येतंय हे कशाला विचारायचं?"

"साहेब, आपण जलपुरवठा कार्यालय आहोत."

"म्हणूनच म्हणतो, पुरवठ्याशी मतलब."

चावीवाला दारात उभा राहून ऐकत होता. एकतीस वर्षं शहराच्या गल्ल्यागल्ल्यांतल्या वाहिन्यांच्या चाव्या फिरवून पाणी सोडणारा आणि बंद करणारा तो माणूस. तो हळूच म्हणाला, "योजना चालू आहे की नाही ते माहीत नाही, ठेकेदार मात्र भलताच चालू आहे."

*

मोजणीची आत्या सातव्या गल्लीत खानावळ चालवत असे. चाळीस माणसांचं दोन वेळचं जेवण. त्याला रोज अठरा बादल्या पाणी लागे आणि ते खालच्या रस्त्यावरून, चौऱ्याण्णव पायऱ्या चढून आणावं लागे. दोन हातांत दोन बादल्या, नऊ खेपा. मोजणीनं गुणाकार केला होता: आठशे सेहेचाळीस पायऱ्या, रोज. आत्याच्या उजव्या गुडघ्यानं तो गुणाकार तिच्या आधीच केला होता.

त्या गुडघ्याला शेक देत आत्या म्हणाली, "शुक्रवारी आमच्या गल्लीचा नंबर. पहिली सही मी करणार, गल्लीत मीच थोरली."

"आत्या, तू सही केलीस तर टाकीला पाणी कधीच येणार नाही."

"टाकी, टाकी! तुझ्या सरकारला नळ बसवायला तीन वर्षं लागली. बुवांना तीन हाका लागल्या."

"घरटी एक बादली. तुला अठरा लागतात."

"आज एक देतायत, उद्या दोन देतील. तुझ्यासारखं तोंडावर नाही म्हणत नाहीत ते." आत्यानं शेकाची पिशवी बाजूला ठेवली. "बस झालं. तेलाचा नवा डबा फोडून दे मला, चार वाजत आले."

मोजणीनं खिळा आणि बत्ता घेतला, डब्याच्या कोपऱ्याला भोक पाडलं आणि डबा पातेल्यावर तिरका केला. डबा 'गुळुक' म्हणाला. थोडं तेल आलं, थांबलं. पुन्हा 'गुळुक', पुन्हा थेंबभर.

"अगं ए शहाणे!" आत्या जागेवरूनच ओरडली. "एकच भोक? एवढी कॉलेजं केलीस ना? हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येईल का? समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाड!"

मोजणी खिळा हातात धरून तशीच उभी राहिली.

"आत्या, पुन्हा म्हण."

"काय पुन्हा म्हण? हा काय पाढा आहे?"

"म्हण ना."

"हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. आठवड्याला एक डबा फोडते मी. तुझ्या पुस्तकात नसेल, तर लिहून घे."

मोजणीनं दुसरं भोक पाडलं. धार सरळ, करंगळीएवढी, लागली. तिनं दुसऱ्या भोकावर बोट ठेवलं. 'गुळुक', धार तुटली. बोट उचललं, धार लागली. तोंडाला कोणी हात लावला नव्हता. आणि ती हसायलाच लागली.

"तेलाशी खेळू नकोस," आत्या म्हणाली. "काय झालं हसायला?"

"आत्या, चौकातला नळ म्हणजे पहिलं भोक. दुसरं कुठं तरी वर आहे, आणि त्यावर कोणाचं तरी बोट आहे. म्हणून हाक मोठ्यानं मारायची. पाण्याला नाही, बोटवाल्याला ऐकू जायला हवी!"

आत्यानं तेलाच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नळ म्हणजे तेलाचा डबा नव्हे. मला भोक दाखव, मग बोल."

*

गुरुवारी दुपारी तिघं टेकडीच्या माथ्यावर गेली. मोजणी, चावीवाला, आणि गुडघा धरून, प्रत्येक पायरीला भाचीचा उद्धार करत आत्या. चौकापासून टाकीपर्यंत बेचाळीस पायऱ्या, दर पायरी सतरा सेंटीमीटर. सात मीटरांहून जरासं जास्त.

"तेवढ्या उंचीचं पाणी बाहेरची हवा आरामात तोलून धरते," मोजणी म्हणाली. "दहा मीटरपर्यंत धरते."

"मला तोलून धर आधी," आत्या म्हणाली.

टाकीच्या मागं एक चौकोनी खड्डा होता, वर लोखंडी झाकण. टाकीला जोडायच्या पाइपाचं वरचं टोक इथं टोपी बसवून बंद ठेवलेलं असायला हवं होतं. चावीवाल्यानं झाकण उघडलं. टोपी होती. पण टोपीच्या डोक्यावर अर्ध्या इंचाचा एक नवाकोरा कॉक होता. खड्ड्याशेजारी घडीचं स्टूल, एक छत्री आणि बिस्किटांचे सहा रिकामे पुडे.

"हा मी बसवलेला नाही," चावीवाला म्हणाला. गुडघे टेकून त्यानं आट्यांवरची पांढरी टेप नखानं उचकटून पाहिली. "टेप उलटी गुंडाळलीय. अशी उलटी गुंडाळणारा मी आयुष्यात एकच फिटर पाहिला. डावखुरा. याच ठेकेदाराकडे होता. हात चांगला, पण कामापेक्षा भाषण जास्त. दोन वर्षांपूर्वी कुठं गेला कोणास ठाऊक."

"बुवा काडी कुठल्या हातात धरतात?" मोजणीनं विचारलं.

आत्या कॉककडे बघत होती. तिनं वाकून तो उघडला. आतून हवा शोषल्याचा बारीकसा 'सूंऽऽ' आवाज आला. बंद केला, आवाज थांबला.

"म्हणजे," ती हळूहळू म्हणाली, "मी सहा दिवस चौकात उभी राहून तेलाच्या डब्याला हाका मारत होते?"

"पण पाणी कुठलं?" चावीवाल्यानं विचारलं आणि स्वतःच कपाळावर हात मारला. "चाचणीचं! दोन महिन्यांपूर्वी टँकर लावून पाइप भरला होता, सांधे गळतात का बघायला. मग सोडायला हवं होतं. तसंच ठेवलंय बेट्यानं."

तेवढ्यात मोजणीला झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं केलेला हिशेब दिसला. अक्षर ठेकेदाराचं, त्याच्या कागदांवर सह्यांच्या वर तेच अक्षर असे. 'पाइप ९०, लांबी ३८०. पाणी २४१७ लिटर. रोज ३००. आठ दिवस, काळजी नाही.'

रोज वीस घरं, पंधरा लिटरची बादली. तीनशे लिटर बरोबर. मोजणीनं शेजारी पडलेल्या त्याच पाइपाच्या तुकड्याला टेप लावली, आतून. मग बाहेरून. आणि तिचे डोळे चमकले.

"काका, याला नव्वदचा पाइप का म्हणतात?"

"बाहेरून नव्वद मिलीमीटर म्हणून. धंद्यात बाहेरचंच माप बोलतात."

"पण पाणी आतून वाहतं. आतून हा ऐंशीचा आहे." तिनं तिथंच स्टुलावर बसून गणित केलं. मीटरला पाच लिटर आणि थोडं वर, तीनशे ऐंशी मीटर. "एकूण एक हजार नऊशे अकरा लिटर. आजवर सहा गल्ल्यांना अठराशे गेले. उरले एकशे अकरा. उद्या सात बादल्या भरतील, आणि आठवी सहा लिटरवर थांबेल."

"चला तर, आत्ताच चौकात जाऊन ओरडू," आत्या पदर खोचून म्हणाली.

"ओरडलं तर म्हणतील, सरकारी बाई जळते बुवांवर. उद्या मोजू. सगळ्यांसमोर."

परतताना तिनं साहेबांना गाठलं आणि तेच सांगितलं: सात बादल्या, आठवी सहा लिटर. साहेब म्हणाले, "आता तुम्हीही पाणाड्या झालात की काय?" पण शुक्रवारी ते वेळेच्या दहा मिनिटं आधी चौकात हजर होते.

*

शुक्रवारी माणसं मोजता आली नाहीत. गच्च्यांवर होती, भिंतींवर होती. सातव्या गल्लीच्या वीस बादल्या मात्र पुढे एका ओळीत होत्या.

ठेकेदारानं कागद आत्यापुढे धरला. "मावशी, सही आधी."

"आधी पाणी, मग सही," आत्या म्हणाली. "तेलवालासुद्धा डबा दाखवून मग पावती देतो."

बुवांनी काडी उचलली. तोटी उघडली, 'गुळुक' म्हणाली, गप्प झाली. वस्तीनं हाक मारली आणि मोजणीच्या घड्याळात आठ सेकंदांनी धार लागली. ठेकेदार तिच्याकडे धावला. "फोटो! ताई, फोटो!"

"काढते," मोजणी म्हणाली, "पण वीस बादल्यांचा काढते. गल्लीला पाणी मिळालं असं लिहायचंय ना? मग पूर्ण गल्लीला मिळू दे." फोन तिनं हातातच ठेवला आणि मोठ्यानं मोजू लागली. "एक!"

मुलांना खेळच मिळाला. "दोन!" सगळी ओरडली. "तीन!" पाचव्या बादलीला धार बारीक झाली. सातवी भरायला पहिलीच्या तिप्पट वेळ लागला. आठवी बादली शिंप्याची. तिच्यात थोडं पाणी पडलं, तोटीनं एक लांब, थकलेला 'फुस्स' केला आणि मग काहीच नाही.

"पाण्या, ये!" बुवा ओरडले. कोणी न सांगता पुन्हा ओरडले. "पाण्या, ये! अरे ये की!"

तोटीवर एक माशी येऊन बसली.

बुवांनी डोळे मिटले, उघडले आणि काडी मोजणीकडे रोखली. "इथं कोणीतरी मोजतंय! म्हणून लहर तुटली. पाणी मोजलं की आटतं, लोकहो!"

गर्दीत चुळबुळ झाली. काही डोळे रागानं मोजणीकडे वळले. तिला तोंड उघडायचं होतं, पण आत्या आधीच ठोकळ्यापाशी पोचली होती. काखेत खानावळीचा जुना, धुतलेला तेलाचा डबा, आणि त्यात पाणी.

"मोजलं की आटतं?" आत्या म्हणाली. "मी तीस वर्षं तेल मोजतेय. एक थेंब आटला नाही. बरं, ते राहू दे. बुवा, तुमच्या जललहरी माझ्या डब्यातही शिरल्यात, बघा हं." तिनं डबा तिरका करून धरला. खाली एक भोक, वर एक भोक, वरच्यावर तिचा अंगठा. खालून एक थेंब पडला, बस्स. "मारा हाक!"

"पाण्या, ये!" मुलं ओरडली.

अंगठा उचलला. धार लागली.

"पाण्या, थांब!"

अंगठा ठेवला. धार तुटली. मग स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला एकदमच कळलं. हसू पुढच्या रांगेतून निघालं आणि गच्चीपर्यंत गेलं.

"अगं बाई, दुसरं भोक!" शिंपीण म्हणाली.

"पण अंगठा कोणाचा?" शिंप्यानं विचारलं.

तेवढ्यात पायऱ्यांवरून चावीवाला खाली उतरला. एका हातात पाना, दुसऱ्या हातात पितळी कॉक, आणि मागून मान खाली घालून बुवांचा चेला, बिस्किटांचा सातवा पुडा घेऊन.

बुवांचं लक्ष कॉककडे गेलं आणि तोंडातून आपोआप निघालं, "अहो, कॉक का काढलात? लाइनीत हवा शिरेल ना!"

मग हसण्याचा असा स्फोट झाला, की तोटीवरची माशीही उडून गेली.

"ओळखलं का मला?" चावीवाला बुवांना म्हणाला. "टेप अजून उलटीच गुंडाळतोस रे."

बुवांनी काडी खाली ठेवली. झग्यातला माणूस एकदम लहान, ओळखीचा, घामेजलेला दिसू लागला. "मी फक्त फिटिंग केलं," तो ठेकेदाराकडे बोट दाखवून पुटपुटला. "शुक्रवारपर्यंतचंच काम म्हणाले होते हे. भाषण मात्र माझं."

"भाषण चांगलं होतं," आत्या म्हणाली. "पण चाळीस माणसांचा भात त्यात शिजत नाही."

ठेकेदार कागद घडी करून खिशात घालू लागला. सहा गल्ल्यांतून सहा हात पुढे आले आणि त्यानं तो मुकाट्यानं परत केला. आपापल्या सह्या लोकांनी तिथंच खोडल्या.

साहेबांनी घसा साफ केला. "मोजणीबाई, तुम्ही बोला जरा."

तिला भाषण करता येत नव्हतं. ती ठोकळ्यावर न चढता, बादल्यांशेजारी उभी राहूनच बोलली.

"पाण्याला कान नाहीत. त्याला उतार कळतो आणि हवा कळते, बाकी काही नाही. यात जादू नव्हती. पाइप होता, त्यात चाचणीचं उरलेलं पाणी होतं आणि वर एक कॉक होता. हे ओळखायला पदवी लागली नाही, आत्याचा डबा लागला. तुम्ही सगळे घरी रोज हेच करता, फक्त चौकात आल्यावर घरचं शहाणपण घरी ठेवून येता. यापुढं कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी तीन प्रश्न विचारा: कुठून आलं, किती आहे, किती दिवस पुरेल? बुवाला विचारा, ठेकेदाराला विचारा. आम्हालाही विचारा. आमच्या कागदावर एक शब्द चुकीचा वाचला गेला आणि तीन महिने कोणी विचारलं नाही, म्हणून हे सगळं झालं."

"मग आता?" शिंप्यानं विचारलं.

"आता मोजमापं माझ्याकडे आहेत. पाचच्या आत हरकत जाते."

चार वाजून वीस मिनिटांनी तिनं कार्यालयात बसून हरकत भरली. सद्यस्थितीच्या रकान्यात कोणालाही दुसरा अर्थ काढता येऊ नये म्हणून पूर्ण वाक्य लिहिलं: 'काम अपूर्ण आहे. टाकीत पाणी नाही. जलवाहिनीपासून टाकीपर्यंत चारशे मीटर पाइप टाकायचा बाकी आहे.' खाली आठ बादल्यांचं कोष्टक. आठवीपुढे तिनं अंदाज सहा लिटर आणि प्रत्यक्ष माप साडेचार लिटर, दोन्ही लिहिले. साहेबांनी वाचलं आणि सही केली.

सोमवारी ठिपका पिवळा झाला. बटण सापडलं होतं.

खडक फोडायला ठेकेदाराला एक्कावन्न दिवस लागले. चावीवाला रोज दुपारी जाऊन बघत असे, आणि त्याच्याबरोबर कोणी ना कोणी वस्तीतलं. बावन्नाव्या दिवशी सकाळी चावीवाल्यानं जलवाहिनीची चावी फिरवली. त्रेपन्नाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मोजणीनं टाकीत मोजपट्टी सोडली. पाण्याची खोली एक मीटर ब्याऐंशी सेंटीमीटर भरली.